मागचे आठ फूट सोडा, मजल्याचं बघू

प्रश्न : दांडिया बाजारात आमची सासऱ्यांच्या वेळची इमारत आहे. प्लॉट २५ बाय ६० फूट. तळमजला आणि पहिला मजला १९७९ मध्ये बांधले, दोन्ही २५ बाय ४८, मागे बारा फूट मोकळी जागा. भिंती नऊ इंची विटांच्या, जिना तीन फुटी. खाली आमचं स्टेशनरीचं दुकान आणि शेजारी जुना भाडेकरू, वर गोदाम आणि एक ऑफिस. आता दुसरा मजला चढवून ट्यूशन क्लासला भाड्याने द्यावा आणि मागे तिन्ही मजल्यांवर आठ-आठ फूट वाढवून घ्यावं असं मी आणि धाकट्या भावजींनी ठरवलं आहे. ठेकेदार म्हणतो, "परवानगीच्या भानगडीत पडू नका, बांधून टाका, मागाहून इम्पॅक्ट फी भरू." न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, तिकडे 'झोनिंग व्हेरियन्स'चा अर्ज करतात, तसा तुम्हीही करा. तांबेकर वाडा पलीकडच्या गल्लीत आहे. त्याचा काही संबंध येतो का?
– एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी सहज म्हणून विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला हवा. संबंध येतो, आणि तो असा येतो की बाकीचं पत्र कदाचित वाचावंच लागणार नाही.

दिवाण तांबेकरांचा वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा निषिद्ध आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित धरला जातो. निषिद्ध पट्ट्यात 'बांधकाम' करता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार आधीपासून उभ्या इमारतीला वर किंवा आडवी जोडलेली भरसुद्धा बांधकामच आहे. तिथे १६ जून १९९२ च्या आधीच्या इमारतीची दुरुस्ती किंवा नूतनीकरण, तेही परवानगी घेऊन, एवढंच शक्य असतं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. महापालिकेची कुठलीही सवलत या १०० मीटरच्या आत चालत नाही.

म्हणून पहिला खर्च आर्किटेक्टवर करू नका, मोजणीवर करा. अंतर रस्त्याने चालत मोजायचं नसतं. वाड्याच्या संरक्षित हद्दीपासून तुमच्या प्लॉटच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषेत धरतात. "पलीकडची गल्ली" चालायला पाच मिनिटांची असली तरी सरळ रेषेत ७० मीटर निघू शकते. पुरातत्त्व खात्याचं मंडल कार्यालय वडोदऱ्यातच आहे. सिटी सर्व्हेचा नकाशा जोडून अंतराबद्दल लेखी विचारणा करा. उत्तर १०० च्या आत आलं तर मजल्याचा विषय तिथेच संपला. १०० ते ३०० च्या मध्ये आलं तर सक्षम अधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागेल. अर्ज तिकडे पाठवायला १५ दिवस, शिफारशीला दोन महिने आणि त्यानंतर निर्णय कळवायला एक महिना, अशा मुदती कायद्यात आहेत. या ना-हरकतीत जी उंची मंजूर होते ती गच्चीच्या स्लॅबपर्यंतची नसते. जिन्याची खोली, कठडा, पाण्याची टाकी हे सगळं त्यात धरलेलं असतं. आर्किटेक्टने स्लॅबपर्यंतची उंची लिहिली आणि टाकी नंतर 'वर ठेवू' म्हटलं, की मंजुरीचा भंग टाकीपासूनच सुरू होतो.

पुढचं सगळं अंतर १०० मीटरच्या पलीकडे आहे असं धरून.

ठेकेदाराचं गणित आधी बाजूला सारू. इम्पॅक्ट फीचा, म्हणजे फी भरून अनधिकृत बांधकाम नियमित करून घेण्याचा, सध्याचा कायदा २०२२ चा आहे आणि तो १ ऑक्टोबर २०२२ पूर्वी झालेल्या अनधिकृत बांधकामांसाठी आहे. आज ओतलेला स्लॅब त्यात बसणार नाही. पुढे कधीतरी नवी तारीख येईल या आशेवर काही लाख रुपये ओतणं हा ठेकेदाराचा नाही, तुमचा जुगार आहे. त्याचं बिल तर स्लॅब ओतल्यावर वसूल होणारच. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज वापर परवाना पाहूनच द्यावं. आपल्याकडे तो 'बीयू'. आणि नव्या मजल्याचा वेरा (घरपट्टी) भरत राहिलात म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असंही नाही. वेरा ही फक्त कराची पावती आहे.

भाच्याचं सांगणं तिथल्यापुरतं बरोबर आहे. न्यू जर्सीत व्हेरियन्सचे, म्हणजे बांधकाम-नियमातून मिळणाऱ्या सवलतीचे, ढोबळ दोन प्रकार. समास (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) किंवा उंचीसारख्या मापांची सूट निराळी आणि वापराची सूट निराळी. दुसरीला सात जणांच्या मंडळात पाच मतं लागतात. अर्जदाराला २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीआधी किमान दहा दिवस नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे असं एकच मंडळ आणि एकच सुनावणी नाही. ज्याला तो एका शब्दात व्हेरियन्स म्हणतो, त्याची इथे तीन निराळी दारं आहेत, आणि लोक हमखास चुकीच्या दारावर वर्ष घालवतात.

पहिलं दार झोन बदलण्याचं. ते गुजरात नगररचना अधिनियम, १९७६ च्या कलम १९ खाली राज्य सरकारकडे जातं; राजपत्रात प्रसिद्धी, हरकतींसाठी दोन महिने, मग अधिसूचना. एका दुकानासाठी हे दार उघडत नाही, आणि तुम्हाला त्याची गरज बहुधा नाहीच, कारण खाली १९७९ पासून दुकानं आहेत. तरी खात्री कागदावर करून घ्या : खंडेराव मार्केटमधल्या महापालिका मुख्यालयातून नगररचना शाखेचा पार्ट प्लान (नकाशाचा तुमच्या जागेपुरता उतारा) आणि झोनिंगचा दाखला. त्याच वेळी रोड लाइनची आखणीही मागा. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली ठरवलेली रस्त्याची रेषा जुन्या शहरात बऱ्याचदा असलेल्या दुकानांच्या पोटातून जाते. ती तुमच्या पुढून समजा चार फूट कापत असेल तर नवा मजला त्या रेषेच्या मागेच थांबेल आणि शंभर चौरस फूट, म्हणजे ९.३ चौरस मीटर जमीन हिशेबातून जाऊ शकते. कलम २१६ खाली भरपाई असते. पण त्या जमिनीचा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) वापरता येतो का, हे त्याच अर्जात विचारून ठेवा.

दुसरं दार पैशाचं, म्हणजे पेड एफएसआय. इथे तुमचेच आकडे मांडू. प्लॉट १,५०० चौरस फूट, म्हणजे १३९.४ चौरस मीटर. एक मजला १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.५. दोन मजले मिळून २२३, म्हणजे एफएसआय १.६ आजच वापरलेला. दाखल्यावर पायाभूत एफएसआय १.८ आणि पैसे भरून कमाल २.७ लिहून आला असं धरा (जुन्या शहराच्या झोनचा आकडा वेगळा आला तर हाच हिशेब त्या आकड्याने करा). १.८ ने २५१ चौरस मीटर होतात, म्हणजे फुकटात उरले फक्त २८. तुमची मागणी किती? दुसरा मजला १११.५ आणि मागचे आठ फूट तिन्ही मजल्यांवर ५५.७. सगळं धरून इमारत ३९० वर जाते, एफएसआय २.८. पैसे भरूनसुद्धा छत ३७६ ला आहे. मागचे आठ फूट सोडले तर बेरीज ३३४.५ येते, एफएसआय २.४. हे बसतं. म्हणजे अर्ज बुडवणारा भाग तुमचा मजला नाही, ती मागची पट्टी आहे. ती मागचा समासही बारा फुटांवरून चार फुटांवर आणते आणि एफएसआयही ओलांडते. सोडा ती.

जास्तीच्या ८३.५ चौरस मीटरचे पैसे जंत्रीवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरावर, ठरतात. नमुना म्हणून : जंत्री चौरस मीटरला २०,००० रुपये आणि आकारणी तिच्या ४० टक्के धरली, तर ८३.५ गुणिले ८,००० म्हणजे ६,६८,००० रुपये. १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री दुप्पट झाली, त्यामुळे एखाद्या ओळखीच्याने "आम्ही तर तीनच लाख भरले" म्हटलं तर ते कोणत्या साली, एवढं विचारा. पेड एफएसआय सरसकट प्रत्येक प्लॉटला मिळत नाही. समोरच्या रस्त्याची रुंदी आणि झोन दोन्ही बसावे लागतात. जिना, लिफ्टची विहीर अशा काही गोष्टी एफएसआयच्या बाहेर राहतात. त्या नकाशात वेगळ्या रंगाने दाखवून घ्या.

आता जिथे अशा फाइली खरोखर अडकतात ते : पार्किंग. दुकान-ऑफिसला वापरलेल्या एफएसआयच्या ५० टक्के पार्किंग हा नियमावलीतला हिशेब धरून चाला. नव्या मजल्याचे निदान ५५.७ चौरस मीटर झाले. तुमच्याकडे मागे २८ चौरस मीटर मोकळे आहेत खरे, पण तिथे गाडी जाणार कुठून? पुढचे पंचवीसच्या पंचवीस फूट दोन दुकानांनी अडवलेले आहेत. ज्या जागेला गाडीची वाट नाही ती जागा नकाशावर पार्किंग म्हणून रंगवली तरी तपासणीत पुसली जाते. रस्त्यावर 'तशाही दुचाक्या लागतात' हा युक्तिवाद करू नका. तळघरही डोक्यातून काढा : नऊ इंची भिंतींच्या इमारतीखाली खोदणं आणि विश्वामित्रीच्या २०२४ च्या पुरानंतर गाड्या खाली उतरवणं, दोन्ही नको.

मग मार्ग दोनच उरतात. एक : तुमचं स्वतःचं दुकान, साडेबारा बाय ४८ फूट, पार्किंगला देऊन टाकायचं. ते बरोबर ५५.७ चौरस मीटर भरतं, मागची २८ ची जागाही गाडीला खुली होते, आणि पार्किंग एफएसआयमधून वगळलं की इमारत ३३४.५ वरून २७८.८ वर येते. विकत घ्यायचा एफएसआय ८३.५ चा २८ होतो. वरच्याच नमुना दराने साडेसहा-पावणेसात लाखांचे सव्वादोन लाख. पण रस्त्यावरचं दुकान देऊन दुसऱ्या मजल्याचं भाडं घेणं दांडिया बाजारात फायद्याचं आहे का, हे भावजींबरोबर बसून आधी ठरवा. भाडेकरूचा गाळा या गणितात धरू नका. जुन्या भाडेनियंत्रण कायद्यातल्या भाडेकरूला नकाशावरून हलवता येत नाही. दोन : मजला छोटा करायचा. फुकटात उरलेले २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट, एवढीच खोली वर चढवायची आणि तिच्या १४ चौरस मीटर पार्किंगसाठी जागा शोधायची. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. तुमच्या जागी पहिला मार्ग फक्त तेव्हाच घ्यावा, जेव्हा स्टेशनरीचा धंदा तसाही आवरायचा असेल.

दोन्हींत एक धोका आहे. काही वेळा फक्त नव्या भागाचं पार्किंग मागतात, काही वेळा संपूर्ण इमारतीचं. संपूर्ण इमारतीचं मागितलं तर ५० टक्के तुमच्या प्लॉटवर बसणारच नाहीत. नकाशा काढण्याआधी हा एकच प्रश्न नगररचना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

तिसरं दार शिथिलतेचं, आणि भाच्याच्या व्हेरियन्सच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच. सक्षम अधिकारी, म्हणजे शहर हद्दीत महापालिका आयुक्त, काही बाबींत कारणं लेखी नोंदवून नियम सैल करू शकतात. इथे एफएसआय, पार्किंग किंवा आगीच्या बाबतीतली सूट मागू नका. त्यामुळे चांगली मागणीही बुडते. तुमची रास्त मागणी एकच आहे : बाजूचा समास. नियमावलीतला समासांचा आजचा तक्ता नव्या मजल्याला बाजूने आत सरकायला सांगेल, पण तुमची इमारत भिंतींवर उभी आहे, खांबांवर नाही. नवी भिंत जुन्या भिंतीच्या डोक्यावरच यायला हवी. दोन फूट आत घेतली तर ती स्लॅबच्या मध्यावर बसेल. हे कारण प्लॉटच्या पंचवीस फुटी रुंदीतून आणि १९७९ च्या बांधणीतून आलेलं आहे. "भाडं वाढेल" हे कारण नव्हे, ते अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

अर्ज एका पानात बसवा. कोणतं कलम, तक्त्यात किती मीटर लागतात, जागेवर किती आहेत, तूट किती, कारण काय. आणि शेवटी बदल्यात तुम्ही काय देता : मागचे बारा फूट पूर्ण मोकळे, रोड लाइनपुढे काही नाही, जिना रुंद. सोबत छेद-नकाशा, दोन्ही बाजूंच्या शेजारभिंतींचे फोटो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. "नियमानुसार योग्य ती सवलत मिळावी" असं मोघम लिहिलेला अर्ज टेबलावरच फिरत राहतो, कारण खालच्या माणसाला वर काय लिहून पाठवायचं तेच कळत नाही.

मुख्य अर्ज ऑनलाइन विकास परवानगीच्या प्रणालीत, नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या लॉगिनमधून जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरही नोंदणीकृतच लागतो. कागद : प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, १९७९ ची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) आणि बीयू, चालू वेरा बिल. प्रॉपर्टी कार्डावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर आधी पेढीनामा (वंशावळ) काढून वारसाई नोंदवा. परगावी दिलेल्या नणंदांची नावंही त्यात येतात आणि त्यांची संमती लागते. या एका कामात तीन-चार महिने सहज जातात, म्हणून ते आजच सुरू करा. रजाचिठ्ठी शोधताना पहिला मजला तिच्यात होता का हे नीट पाहा. नसेल तर नव्या अर्जाबरोबर जुना मजलाही तपासणीला उभा राहील.

नकाशा जागेवर टेप लावून काढलेला हवा. कागदावरचे २५ फूट जागेवर २४ फूट ४ इंच भरतात हे जुन्या शहरात नेहमीचं, आणि कार्डावरचं व जागेवरचं क्षेत्र यांत जे कमी ते धरलं जातं. फाइल आधी संगणक वाचतो. एखादी रेघ जोडायची राहिली, आकृती बंद झाली नाही, की तो मजल्याचं क्षेत्र चुकीचं धरतो आणि अर्ज परत येतो.

भिंतींचं राहिलं. १२५ मिलिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३१० किलो, फरशी-गिलावा शंभर, वर माणसं-सामान धरायचं तीनशे ते चारशे. पूर्ण मजल्याचे हे ऐंशी-नव्वद टन. बाहेरच्या ४४.५ मीटर लांबीच्या नऊ इंची भिंती दहा फूट उंच नेल्या तर आणखी साठ टन. एवढं ओझं १९७९ चा पाया घेईल की नाही हे हातोड्याच्या टकटकीवरून कळत नाही. दोन-तीन ठिकाणी भिंतीलगत पायाच्या तळापर्यंत चाचणी-खड्डा घ्या, पायाची रुंदी आणि खालची माती बघा. वडोदऱ्यात फुगणारी काळी माती अनेक ठिकाणी आहे. स्लॅबला रिबाउंड हॅमर (काँक्रीटची मजबुती तपासणारं उपकरण), शंका आली तर कोअर (काँक्रीटचा नमुना कापून चाचणी). लोखंडी सांगाडा, डेक शीटवर पातळ काँक्रीट आणि सहा इंची एएसी (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक घेतले तर भिंतींचं वजन निम्म्याच्याही खाली येतं. पण 'गच्चीवर नुसती पत्र्याची शेड' हेही बांधकामच, परवानगी त्यालाही लागते.

क्लासचा बेत मात्र सोडा असंच म्हणू. सुरतेच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ ला आग लागली तेव्हा वरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. त्या इमारतीचं नाव आजही प्रत्येक तपासणीत निघतं. तुमचा तीन फुटी एकच जिना आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत दुकान-ऑफिससाठीसुद्धा दीड मीटर, म्हणजे पाच फूट धरतात. ऑफिस दिलंत तरी जिना पाडून रुंद करावा लागेलच, आणि त्याची जागा दोन्ही खालच्या मजल्यांतून जाईल. तेवढं क्षेत्र हिशेबात आधीच वजा करा.

परवानगी आल्यावर ती एक वर्ष चालते आणि दरवर्षी वाढवत जास्तीत जास्त तीन वर्षं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर वेगळा. भरपूर लोक इथवर व्यवस्थित येतात आणि शेवटी खिडकी दोन फूट इकडे, संडास जिन्याखाली असं जागेवरच बदलतात. मग बीयू अडते. बदल करायचाच असेल तर सुधारित नकाशा आधी.

एक विचारायचं राहिलं, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. नव्या मजल्याच्या उंचीला शेजाऱ्याची एखादी खिडकी उघडते का? ती वीस वर्षांहून जुनी असेल आणि तिचा उजेड-वारा अखंड मिळत आला असेल, तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्याखाली तो दिवाणी न्यायालयात मनाई मागू शकतो, आणि महापालिकेची रजाचिठ्ठी तिथे ढाल होत नाही. नकाशा आर्किटेक्टकडे देण्याआधी एकदा संध्याकाळी गच्चीवर जाऊन दोन्ही बाजूंना बघून या.